जिचे गाणे, तिचाच हिशेब



एखादी गायिका मोठी झाली, असे आपण केव्हा म्हणतो? मोठ्या कंपनीने तिच्याशी करार केला, पेपरात फोटो छापून आला, पैसा हाती खेळू लागला, की आपण म्हणतो, "पोरीने नाव काढले!" परंतु हा करार तिने नाकारला तर? घरातील वडीलधारी माणसे तिला वेडीच ठरवतील. अमेरिकेतील ॲनी डिफ्रँको या गायिकेने हे वेड जाणूनबुजून पत्करले आणि तीस वर्षांहून अधिक काळ निभावले. तिची हकीकत आपल्या मुलींनी व त्यांच्या आईवडिलांनीही वाचावी, म्हणून आज येथे देत आहे.

ॲनीचा जन्म १९७० साली न्यूयॉर्क राज्यातील बफेलो या शहरात झाला. हे पोलादाच्या कारखान्यांचे शहर. ती वयात येत होती त्या सुमारास तेथील मोठे कारखाने बंद पडत गेले. नऊ वर्षांची असताना तिच्या हाती गिटार आली आणि आपल्या शिक्षकाबरोबर ती लहानसहान ठिकाणी गाऊ लागली. आईवडील विभक्त झाले होते. पंधराव्या वर्षी तिने कायद्याने स्वतःची जबाबदारी स्वतःवर घेतली. मिळेल तेथे गायचे आणि पोट भरायचे, असे ते दिवस होते. लोकगीताचा साधेपणा आणि रॉक संगीताचा जोर असे तिचे गाणे आहे. बोटांना कृत्रिम नखे चिकटपट्टीने बांधून ती गिटार अशी वाजवते की तारांतून ताल ऐकू यावा. गाण्यांचे विषयही गुळगुळीत नाहीत. स्त्रीचे शरीर, गर्भपात, वंशभेद, युद्ध यांवर ती उघडपणे गाते.

१९९० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तिने आपली पहिली कॅसेट स्वतः काढली. कार्यक्रम संपला की ती श्रोत्यांना विकायची. मंडपाबाहेर गाळा मांडून आपल्या कॅसेटी विकणारे गायक आपणही पाहिले आहेत. तसाच हा प्रकार. त्यातूनच तिची स्वतःची 'राइटियस बेब रेकॉर्ड्स' ही कंपनी उभी राहिली. पुढे तिचे नाव झाले तेव्हा मोठ्या कंपन्या करार घेऊन आल्या. तिने त्यांना नकार दिला.

का नकार दिला? हे समजण्यासाठी करार कसा असतो ते पाहिले पाहिजे. माझे शिक्षण बी.कॉम. आणि आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. मोठी कंपनी गायकाला आधी एक मोठी रक्कम देते. ती बक्षीस नसते, ती उचल असते. ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो, तशीच. पुढे विक्रीतून गायकाच्या वाट्याला जे थोडे टक्के येतात, त्यातून ही उचल आधी वळती होते. ध्वनिमुद्रणाचा खर्चही बहुधा त्याच वाट्यातून कापला जातो. एवढे सगळे फिटल्यावरसुद्धा मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी बहुतेक वेळा कंपनीकडेच राहते. गळा गायिकेचा, शब्द तिचे, पण मालक दुसरा!

ॲनीला ही मालकी कोणाच्या हाती द्यायची नव्हती. कोणते गाणे काढायचे, मुखपृष्ठावर कसे दिसायचे, कोणत्या प्रश्नावर बोलायचे, हे सारे तिला स्वतः ठरवायचे होते. तिच्या मार्गाने प्रगती सावकाश झाली, पण झाली. १९९७ साली निघालेल्या तिच्या 'लिव्हिंग इन क्लिप' या संग्रहाला अमेरिकेतील विक्रीचे 'गोल्ड' मानांकन मिळाले.

मग अर्थविषयक पत्रकारांचे तिच्याकडे लक्ष गेले. एका प्रतीमागे ही बाई मोठमोठ्या बँडवाल्यांपेक्षा जास्त कमावते, असे कौतुक छापून येऊ लागले. 'मिझ' या स्त्रीवादी मासिकानेही तिचा गौरव करताना हाच मुद्दा पुढे केला. त्यावर तिने १९९७ साली त्या मासिकाला जाहीर पत्र लिहिले. तिचा आशय असा होता की, माझी ओळख दर प्रतीच्या नफ्यावरून का करता? मला केवळ पैसाच हवा असता तर मोठ्या कंपनीकडे जाऊन मी अधिक मिळवला असता. मला गाणी लिहिणारी, गाणारी म्हणून ओळखा. व्यापारी म्हणून नको.

त्या पैशाचे तिने काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. कंपनी तिने बफेलोतच ठेवली. शहरातील एक जुने, मोडकळीस आलेले चर्च पाडले जाण्याच्या बेतात होते. ते दुरुस्त करून २००६ मध्ये तेथे संगीताचे सभागृह व कंपनीचे कार्यालय सुरू केले. इतर कलावंतांचे संग्रहही काढले. अनाइस मिचेल या गायिकेचा 'हेड्सटाऊन' हा संग्रह २०१० साली याच कंपनीने प्रसिद्ध केला. त्या कथेवरील संगीत नाटकाला २०१९ मध्ये टोनी हा नाट्यक्षेत्रातील मानाचा पुरस्कार मिळाला.

परंतु एवढ्यावर थांबलो तर हा लेख एकांगी होईल. डिसेंबर २०१३ मध्ये ॲनीने गीतलेखनाचे शिबिर जाहीर केले. जागा होती लुइझियाना राज्यातील नॉटोवे नावाची जुनी हवेली. उसाच्या मळ्याच्या मालकाने १८५९ साली बांधलेली ही हवेली. त्याच्याकडे दीडशेहून अधिक कृष्णवर्णीय गुलाम होते. अशा जागी शिबिर? तिच्याच श्रोत्यांनी, विशेषतः कृष्णवर्णीय स्त्रियांनी, तिला खडा सवाल केला. तिने शिबिर रद्द केले, पण सोबतच्या निवेदनात स्वतःचे समर्थनच जास्त होते. लोक आणखी संतापले. मग जानेवारी २०१४ मध्ये तिने सरळ शब्दांत माफी मागितली.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला होता. त्यामुळे ही घटना आपल्याला परकी वाटू नये. जुलमाच्या जागेला नुसती सुंदर हवेली म्हणून पाहणे किती सोपे असते, आणि ज्यांच्या पूर्वजांनी तेथे सोसले त्यांना ते किती झोंबते, हे आपण जाणतो. जन्मभर न्यायाची गाणी गाणारी बाईसुद्धा येथे चुकली. तिच्यावर कोणी मालक नव्हता, म्हणून ती चूक दुसऱ्या कोणाच्या माथी मारण्याचीही सोय नव्हती. स्वातंत्र्य घेतले की टीका ऐकणे आणि चूक कबूल करणे हेही आपल्याच खात्यावर लिहावे लागते. पहिल्या निवेदनात तिला ते जमले नाही, दुसऱ्यात जमले.

तेव्हा, उद्या तुमच्या घरातील मुलगी गाण्याचा करार घेऊन आली तर तिला आडवू नका आणि पेढेही लगेच वाटू नका. कागद तिच्यासोबत बसून वाचा. उचल किती आणि ती कशातून वळती होणार, मूळ ध्वनिमुद्रण कोणाच्या मालकीचे राहणार, आणि काय गायचे हे कोण ठरवणार, या तीन गोष्टी तिला विचारायला लावा. सही करायची की नाही, हे मात्र तिलाच ठरवू द्या.