घर-अंगण : वेल लावण्याआधी भिंत पाहा

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की रोपवाटिकांत गर्दी होते. काळ्या पिशवीतले गुडघाभर रोप, त्यावर दोन-चार फुले. मोह आवरत नाही. घरी आणतो, दरवाजाजवळची मोकळी जागा बघतो आणि लावून टाकतो. पाच-सहा वर्षांत तेच रोप गच्चीवर पोचते. पन्हळीत पाने साचतात, भिंतीला ओल येते आणि घरात वाद सुरू होतो : ठेवायचे की तोडायचे? वाढलेला हिरवा जीव तोडताना सगळ्यांनाच वाईट वाटते. म्हणून भगिनींनो, या महिन्यात खड्डा खणण्याआधीच्या विचाराबद्दल थोडे बोलू.

‘कोणती वेल चांगली?’ हा प्रश्न नेहमी येतो. फुलांचा रंग बघून त्याचे उत्तर देता येत नाही. वेल वर कशी चढते, ते आधी पाहावे. त्यावरून तिला आधार कोणता लागेल आणि ती आपल्या भिंतीचे काय करील, हे दोन्ही कळते.

पहिला प्रकार आधाराला विळखा घालत चढणाऱ्या वेलींचा. गोकर्ण आणि मधुमालती या त्यातल्या. यांना दोरी, तार, बांबू किंवा बारीक सळई द्यावी. रुंद खांबाला त्यांचा विळखा बसत नाही. गोकर्ण नाजूक असते, कुंडीतही भागते. मधुमालती मात्र जाड लाकडी खोडाची होते. संध्याकाळी पांढरी उमललेली तिची फुले पुढे गुलाबी आणि मग लाल होतात, त्यामुळे एकाच झुबक्यात तीन रंग दिसतात. शोभा मोठी, पण पसाराही मोठा. तिला भक्कम मांडव हवा. पाण्याचा पाइप, गॅसची नळी, विजेची वायर किंवा मीटरची पेटी जवळ असेल, तर तिथे अशी वेल लावू नये. जो आधार हाती लागेल त्यालाच ती विळखा घालते.

दुसरा प्रकार तणाव्यांनी चढणाऱ्या वेलींचा. काकडीच्या वेलीला स्प्रिंगसारखे तंतू असतात, तेच तणावे. कृष्णकमळ, लसूणवेल आणि थंडीत केशरी फुलांनी भरणारी संक्रांतवेल या प्रकारात येतात. त्यांना जाळी द्यावी. जाळी भिंतीपासून चार-सहा इंच पुढे बसवली की मागून हवा खेळते, ओल धरत नाही आणि रंगकामाच्या वेळी वेलीसकट जाळी सैल करता येते.

तिसऱ्या प्रकारात खोडातून फुटलेली मुळे भिंतीला चिकटतात. मनीप्लांट आणि भिंतीवर पसरणारा बारीक पानांचा फायकस या प्रकारचे. गिलावा धड असेल तर फारसे बिघडत नाही. पण जुन्या घराचा गिलावा भेगाळलेला असेल, तर मुळे भेगांत शिरतात आणि वेल ओढून काढताना रंग व गिलाव्याचे पोपडे सोबत येतात. दुसरा धोका लपलेला असतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले पिंपळाचे किंवा वडाचे बी या हिरव्या पडद्याआड रुजते आणि वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही. तोवर त्याचे मूळ भिंतीत खोल गेलेले असते. म्हणून वर्षातून दोनदा पाने बाजूला करून भिंत तपासावी.

चौथा प्रकार बोगनवेलीचा. मुळात ती दक्षिण अमेरिकेची. फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हिल याच्या नावावरून ओळखली जाते. ती स्वतःहून विळखा घालत नाही, काट्यांनी अडकत वर जाते. तिला सुती दोरीने बांधत न्यावे लागते. आपण जी रंगीत फुले म्हणतो ती खरे तर पाने. खरे फूल मधले, लहान आणि पांढरट. कुंपणाला ती उत्तम, पण जिथून मुले धावतात किंवा नमाजींची ये-जा असते त्या वाटेवर तिचे काटे नकोत.

झाडांचाही असाच विचार करावा. गुलमोहर मोठा पसरतो, त्याची मुळे जमिनीलगत धावून फरशी उचलतात आणि वादळात फांद्या मोडतात. घरापासून, पाण्याच्या टाकीपासून आणि शौचालयाच्या टाकीपासून 25-30 फूट जागा असेल तरच तो लावावा. लहान अंगणाला पारिजातक, कांचन किंवा चाफा पुरे. कुंपणाला मेंदी लावली तर आडोसाही होतो, फुलांचा वासही येतो आणि ईदेच्या आधी हात रंगवायला ताजी पाने मिळतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. लाल कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, आणि पावसाळ्यात उगवणारी कळलावी दिसायला सुंदर असल्या तरी विषारी आहेत. कण्हेरीचे विष हृदयावर परिणाम करते. बिट्टीच्या फळांशी मुले खेळतात. त्यातली बी चावली गेली तर जिवावर बेतू शकते. बकरी ईदच्या आधी अनेक घरांत बकरा आणून अंगणात बांधतात. त्याच्या दोरीच्या टप्प्यात कण्हेर असता कामा नये. छाटलेल्या फांद्याही त्याच्यापुढे पडू देऊ नयेत, कारण वाळलेल्या पानांतही विष राहते आणि थोडी पानेसुद्धा जनावराला मारायला पुरतात. मुलाने यातले काही खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपायांत वेळ घालवू नका. झाडाची एक डहाळी सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

छाटणीचे एक सोपे सूत्र आहे : वेल फुले कोणत्या फांदीवर देते, ते पाहायचे. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. जानेवारीच्या शेवटी आठ-दहा दिवस पाणी तोडावे, मग छाटणी करून शेणखत द्यावे आणि पाणी सुरू करावे. उन्हाळ्यात कळ्या धरतात. बोगनवेलही नव्या फुटीवर फुलते, म्हणून बहर ओसरला की छाटावी. फुलांच्या दिवसांत तिला पाणी बेताचेच द्यावे. फार पाण्याने नुसती पाने माजतात. संक्रांतवेलीचे उलट आहे. तिचा बहर वर्षातून एकदा थंडीत येतो. तो संपताच छाटावी. दिवाळीच्या सुमारास कात्री लावली तर त्या वर्षीची फुले गेलीच.

उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असते. वजूच्या पाण्यात साबण नसतो. ते बादलीत धरले किंवा एक नळी बागेकडे वळवली, तर दोन-तीन वेली सहज जगतात.

शहरात राहणाऱ्यांनी एक कायदाही ध्यानात ठेवावा. महाराष्ट्रात नागरी भागांतील झाडांसाठी 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. झाड आपल्या अंगणात, आपल्या हाताने लावलेले असले तरी ते तोडायला परवानगी लागते आणि झाडाला इजा करणे हेही तोडण्यातच धरले जाते. मोठ्या फांद्या छाटण्याआधी नगरपालिकेत किंवा महापालिकेत अर्ज करावा. चुकीच्या जागी लावलेले झाड नंतर सहज हलवता येत नाही, हे यावरूनही समजावे.

शेवटी शेजाऱ्याचा हक्क. कंपाऊंडच्या भिंतीलगत वेल लावायची असेल तर आधी पलीकडे जाऊन विचारावे. पाने त्यांच्या अंगणात पडणार, सावली त्यांच्या वाळवणावर येणार, फांद्या त्यांच्या पत्र्यावर घासणार. ‘भाभी, इथे मधुमालती लावतोय, चालेल ना? पसरली तर आम्हीच छाटू,’ एवढे विचारले तर पुढची कटुता टळते. आणि दिलेला शब्द दर पावसाळ्यानंतर शिडी लावून पाळावा.

या आठवड्यात रोप आणण्याआधी अंगणात दहा मिनिटे उभे राहा. ऊन कुठून येते, पाइप कुठून जातो, भिंतीला भेग आहे का, मुले कुठे खेळतात आणि शेजारी कोण आहे, एवढे पाहा. मग रोपवाटिकेत जा.

पुढच्या अंकात छाटलेल्या फांद्यांपासून नवी रोपे कशी करायची ते पाहू, इन्शाअल्लाह.