आतून कडी लागणारी खोली

कामावर गेलेल्या एखाद्या स्त्रीवर अत्याचार झाल्याची बातमी आली, की आपण सारे हळहळतो. मोर्चे निघतात, मेणबत्त्या पेटतात, गुन्हेगाराला फाशी द्या अशी मागणी होते. हा संताप खोटा नसतो. परंतु त्या गर्दीत एक साधा प्रश्न राहून जातो. जिथे हे घडले ती जागा तशी का होती?

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग ड्यूटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेल्या. रुग्णालयातल्याच एका कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळून अत्याचार केला. त्यानंतर १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत त्या अंथरुणावरच होत्या. परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची सेवा केली. हल्लेखोराला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न व जबरी चोरी यांसाठी, सात वर्षांची. बलात्काराचा खटला उभाच राहिला नाही.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात काय झाले, ते आपल्या आठवणीत ताजे आहे. रात्रपाळीची तरुण डॉक्टर विश्रांतीसाठी सेमिनार हॉलमध्ये गेली आणि तिथेच तिच्यावर बलात्कार करून तिचा खून झाला.

दोन्ही घटनांत पन्नास वर्षांचे अंतर आहे. तेव्हा कपडे बदलायला तळघर, आता पाठ टेकायला सेमिनार हॉल! गुन्हेगाराचे पाप गुन्हेगाराचेच, ते कशानेही कमी होत नाही. पण आतून कडी लागणारी एक खोली द्यायला आपल्याला किती वर्षे हवीत? १९७३ मध्ये मुंबईच्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा त्यांनीही सुरक्षितताच मागितली होती.

कोणी म्हणेल, आता कायदा आहे. आहे खरा. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी यांनी सरकारी योजनेतील 'साथिन' म्हणून बालविवाहाला विरोध केला. त्याबद्दल १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातूनच पुढे १९९७ चा विशाखा निकाल आणि २०१३ चा कायदा आला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांत द्यायची असते. बाईला लिहिता येत नसेल तर समितीने तिला लिहायला मदत करावी, असेही कायदा सांगतो.

एका खेड्यातल्या बाईच्या दुःखातून जन्मलेला हा कायदा खेड्यात मात्र पोचलाच नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. आई कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जाते. तिथे सात-आठ बाया आणि एक मुकादम. आडोसा नाही, संडास नाही. गेल्या साली मुकादमाने अंगाला हात लावला म्हणून एकीने तो झटकला. दुसऱ्या दिवसापासून तिचे काम बंद.

"मग तुम्ही बाकीच्या काय म्हणालात?" मी विचारले.

"काय म्हणणार पोरी? रविवारचा बाजार करायचा असतो."

मुलींनी धीट व्हावे, कराटे शिकावे, असे व्याख्यानांतून आम्हाला सांगितले जाते. ती बाई धीटच होती! तिला कमी पडली ती शेजारणींची सोबत आणि तक्रार ऐकणारे एखादे दार. स्थानिक समितीचे नावसुद्धा तिथे कुणाला ठाऊक नव्हते. एकटीच्या धैर्याची किंमत एकटीलाच मोजावी लागत असेल, तर दुसरी कोणी धीट होणार नाही.

म्हणून गुरुजनांना आणि मित्रमैत्रिणींना माझी एक विनंती आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावचे रस्ते झाडतो. यंदा त्यातले दोन दिवस खळी, वीटभट्ट्या आणि द्राक्षांच्या पॅकिंग शेडसाठी ठेवू या. जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता तिथल्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहू, बायांना तो वाचून दाखवू. जिथे दिवा नाही, संडासाला दार नाही, तिथले मालकाला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज आपण लिहू.

आमच्या शिक्षणासाठी आयांनी कांदे निवडले आहेत. आमच्या अक्षराचा त्यांना एवढा तरी उपयोग व्हायला हवा.