डबल्स म्हणजे उरलेल्यांचा खेळ?

सुरुवातीलाच सांगतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. हाच लेख इंग्लिश सेक्शनला दिला असता तर हॉस्टेलवर कुणी वाचला नसता, आणि मला तो हॉस्टेलवरच वाचला जायला हवाय.

विषय असा, की यंदाच्या ॲन्युअल स्पोर्ट्समधून टेनिसचं डबल्स काढून टाकलंय. कारण काय, तर वेळ पुरत नाही. वर हेही ऐकायला मिळालं, की ज्यांना सिंगल्स जमत नाही तेच डबल्स खेळतात. माझा शिवाजी पेठेतला मित्र तर म्हणाला, "लगा, टेनिसच मुळात पुण्या-मुंबईचा गेम, त्यात डबल्स गेलं काय नि राहिलं काय!" त्याचं सोडा, त्याला पीटीएम आणि खंडोबाच्या मॅचपलीकडे जग नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी आणि रूममेट पहाटेच्या एसटीने पुण्याला गेलो होतो, बालेवाडीला 'महा ओपन' चॅलेंजर बघायला. चॅलेंजर म्हणजे प्रोफेशनल टेनिसचा दुसरा मजला. वर ग्रँड स्लॅम आणि एटीपी टूर, खाली आयटीएफच्या स्पर्धा. ही १०० दर्जाची, म्हणजे जिंकणाऱ्याला १०० पॉइंट. ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्याला २००० मिळतात, यावरून काय ते समजा. आम्ही पाहिलेल्या डबल्सच्या मॅचला प्रेक्षक म्हणजे आम्ही दोघं, एक-दोन कोच आणि सावली शोधत आलेलं एक कुटुंब.

पण खेळ असा, की रूममेट वडापाव हातात धरून तसाच बसला. सर्व्हिस करणाऱ्याचा पार्टनर नेटजवळ उभा राहतो आणि पाठीमागे हात नेऊन बोटांनी खुणा करतो, की मी पलीकडे झेप घेणार किंवा इथंच थांबणार. समोरच्यांना खूण दिसत नाही, त्यांनी ओळखायचं. ड्यूस झाला की ॲडव्हांटेज वगैरे काही नाही, एकाच पॉइंटवर गेम संपला. आणि एकेक सेट झाला तर तिसरा सेट खेळतच नाहीत, थेट दहा पॉइंटचा टायब्रेक.

त्या वर्षीचं डबल्स जीवन नेदुनचेझियन आणि विजय सुंदर प्रशांत यांनी जिंकलं. फायनलला समोर ऑस्ट्रेलियाचे ब्लेक बेल्डन आणि मॅथ्यू रोमिओस. पहिला सेट ३-६ गेला, दुसरा ६-३ काढला, आणि टायब्रेक १०-०! नाद खुळा! हाच प्रशांत २०१८ मध्येही पुण्याच्या चॅलेंजरचं डबल्स जिंकला होता, तेव्हा जोडीला रामकुमार रामनाथन होता. आणि जीवन-प्रशांत या जोडीने सप्टेंबर २०२४ मध्ये चीनमध्ये हांगझोऊची एटीपी २५० स्पर्धा मारली होती. म्हणजे वरच्या मजल्यावर जिंकून आलेली माणसं पाच महिन्यांत पुन्हा दुसऱ्या मजल्यावर. हांगझोऊनंतर महिन्याभरात पुण्याच्या अर्जुन कढेने रित्विक बोल्लीपल्लीबरोबर अल्माटीची एटीपी २५० जिंकली, तीही टायब्रेक १४-१२ असा ताणून.

खोटं कशाला बोलू, सिंगल्सचं रँकिंग अडकलं म्हणून डबल्सकडे वळलेले खेळाडू असतात. पैसाही सिंगल्सलाच जास्त. डबल्सचं बक्षीस मुळात कमी, त्यात दोघांत वाटणी, आणि त्यातून विमान, हॉटेल, कोच. खेळाडूला पाठवायचं कुणी, हा प्रश्न आपल्या कोल्हापूरला नवा नाही. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले होते. खाशाबांच्या ब्राँझनंतर भारताला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते थेट १९९६ मध्ये, लिअँडर पेसला, टेनिसमध्येच. आणि त्याच पेसने ग्रँड स्लॅम जिंकली ती सगळी डबल्स नि मिक्स्ड डबल्समध्ये. रोहन बोपण्णा जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, डबल्सचा जगात नंबर वन झाला. यांनाही "जमलं नाही म्हणून" म्हणायचं का?

खासबागेत 'जोड लावली' म्हटलं की ती समोर उभी असते. डबल्समध्ये जोड शेजारी असते, एवढाच फरक. (आणि शेजारचा चिडला तर समोरच्या दोघांपेक्षा जड जातो, हा स्वानुभव.)

आता वेळेचं. इंजिनिअरिंगची पोरं आहोत, हिशोब करू. सिंगल्सला १६ एंट्री, नॉकआउटच्या १५ मॅच, खेळली १६ पोरं. डबल्सला १६ जोड्या, मॅच त्याच १५, खेळली ३२ पोरं. कोर्ट आपल्याकडे एकच. मग कमी वेळात जास्त पोरं कशात खेळतात? शिवाय चॅलेंजरचे नियम लावा, ॲडव्हांटेज नाही, तिसरा सेट नाही. पाहिजे तर एकच सेट ठेवा. चार संध्याकाळी लवकर सुरू केलं तर उरकेल.

हे सगळं मी का लिहितोय, तेही सांगून टाकतो. माझा डबल्सचा पार्टनर सेकंड इयरला वायडी झाला. त्या दिवसांत तो मेसला यायचा बंद झाला होता, रूमचं दार लावून बसायचा. कुणाशी बोलायचा नाही. पण संध्याकाळी सहाला रॅकेट घेऊन खाली यायचा. मला नंतर एकदा म्हणाला, "तू एकटा थांबशील म्हणून येत होतो." सिंगल्स असतं तर तो आला नसता. पुढे तो घरी गेला, विषय काढले, आणि यंदा परत आलाय, आमच्या ज्युनिअर बॅचला.

परवा मेसमध्ये त्याने विचारलं, "एंट्री भरलीस का रे आपली?"

मी भरतो म्हटलं. फॉर्म माझ्या टेबलावर आहे, त्यात डबल्सचा कॉलम नाही. मी पेनने एक आखलाय आणि दोघांची नावं लिहिली आहेत. सोमवारी जिमखान्यात नेऊन देतोय. आणखी कुणाला द्यायचा असेल तर त्याच्या आत रूमवर या, पट्टी आणि पेन आहे.