शेजाराची विहीर

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. मागांचा खडखडाट नवख्या माणसास झोपू देत नाही. तेथील रहिवाशास मात्र तो थांबला की जाग येते. मागाचा मालक एका धर्माचा, सुताचा व्यापारी दुसऱ्या धर्माचा, कामगार उत्तर प्रदेशापासून तेलंगणापर्यंत कोठकोठून आलेला. एकाचे काम अडले की दुसऱ्याची चूल थंडावते, हे तेथील पोरासोरांनाही कळते.

असे असूनही 1970 च्या मे महिन्यात, शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी, तेथे दंगल पेटली. 1984 च्या मे महिन्यात पुन्हा पेटली. माणसे मेली, घरे आणि माग जळाले. माग जळाला तर पोट कोणाचे जळते, हे कोणास ठाऊक नव्हते? तेव्हा मूर्खपणा केवळ अज्ञानातून जन्मतो, ही समजूत अपुरी आहे. एकेकटा माणूस बहुधा शहाणाच असतो. पण कानी अफवा येते, मनात भय शिरते, आणि तो घोळक्यात मिसळतो. तेथे ‘हे खरे काय?’ असे विचारणारा भित्रा ठरतो. आणि भित्रे ठरण्याची भीती कित्येकांना मरणाच्या भीतीहूनही मोठी वाटते.

1988 साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीस आले. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या स्थापन केल्या. निरनिराळ्या धर्मांचे साधे रहिवासी आणि त्या भागाचे पोलीस एकत्र बसू लागले. बोलणे तरी काय, तर शेजाऱ्यांची भांडणे आणि लहानसहान तक्रारी. टाळ्या पडाव्यात असे त्यात काही नव्हते. पण 6 डिसेंबर 1992 रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेली, त्या महिन्यात आणि पुढच्या जानेवारीत मुंबई दंगलींत होरपळली, तेव्हा तिच्या इतक्या जवळची भिवंडी शांत राहिली!

कोणी म्हणेल, ही शांतता पोलिसांच्या धाकाची. धाक थोडाफार असेलही. पण धाकाने माणूस फार तर घरात बसतो. अफवा ऐकून शेजाऱ्याच्या दारी खरेखोटे करावयास जात नाही. त्यासाठी शेजाऱ्याचे नाव आणि स्वभाव आधीपासून ठाऊक असावा लागतो. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्याकडे म्हणतात. भिवंडीने ती चार वर्षे आधी खणली होती.

विहिरीतला गाळ मात्र वेळोवेळी उपसावा लागतो. 2006 च्या जुलैत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून त्याच शहरात वाद पेटला. गोळीबारात माणसे मेली, आणि दोन पोलीस शिपाई जमावाच्या हातून मारले गेले. समित्यांच्या पहिल्या बैठका भरल्या त्या वर्षांत जन्मलेली मुले तेव्हा जेमतेम मिसरूड फुटण्याच्या वयाची झाली होती. शेजार त्यांना आयता मिळाला होता. शेजाऱ्याची ओळख किती मिळाली होती, कोण जाणे.