प्लंबरला काम मॅनेजर देतो, पण थकलेलं बिल कोण देणार?

साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी जानेवारी २०२० मध्ये १०० कोटींची घोषणा झाली आणि शिर्डीने बंद पाळला. तेव्हापासून पाथरीचं नाव राज्यभर पोहोचलं.

भाविकांच्या गावात लॉज, भक्तनिवास, मंगल कार्यालयं लागतात. तिथला नळ गळला की प्लंबरला फोन करतो तो मॅनेजर. त्याचा विश्वास बसला, तर वर्षभराचं काम मिळतं.

अडचण कुठे? ओळखीत उधारी वाढते आणि तगादा लावला तर काम जाण्याची भीती असते.

कायदा काय सांगतो? 'उद्यम' नोंदणी मोफत आहे. नोंदणी असलेल्या प्लंबरचे पैसे २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार १५ दिवसांत, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याजही लागतं. त्यासाठी प्रत्येक कामाचं तारखेसह बिल हवं.