पिकअपचे डिझेल वाढवावे काय ?

कोल्हापूर जिल्ह्यातील शेतीच्या अवजारांची मोजदाद आज करावयाची झाल्यास नांगर, कुळव व पाण्याचा पंप यांच्या पंक्तीस डिझेलवर चालणाऱ्या छोट्या मालवाहू गाडीसही, म्हणजे गावोगाव ‘पिकअप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाहनासही, बसविणे भाग आहे. शिरोळ व हातकणंगले भागांतील भाजीपाला, गुऱ्हाळातील गुळाच्या ढेपा, खताची पोती व जनावरांचा चारा या गाडीतून जातो. ज्या घरी पूर्वी बैलजोडीची निगा राखली जात असे, त्या घरी आता या गाडीच्या हप्त्यांची व तेलपाण्याची चिंता वाहिली जाते. सबब या गाडीचा विचार शेतीच्या पत्रिकेत होणे अप्रस्तुत नव्हे.

या गाडीसंबंधी एक प्रथा रूढ होऊ पाहत आहे. गाडी चढावर दम टाकू लागली की मालक मिस्त्रीकडे जातो व ‘डिझेल वाढवून द्या’ असे सांगतो. गाडी जुनी असेल तर मिस्त्री पंपावरील शिक्का तोडतो व जास्तीत जास्त डिझेलची मर्यादा राखणारा स्क्रू थोडासा फिरवितो. गाडी नवी असेल तर एंजिनावर हुकमत चालविणाऱ्या छोट्या संगणकातील आज्ञा बदलल्या जातात. काम अर्ध्या-एक तासाचे असते. गाडी परत येताना तडफेने पळते, मागे थोडा काळा धूर सोडते, आणि मालक संतुष्ट होतो. हा संतोष त्यास किती महाग पडतो, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

एंजिनात शक्ती उत्पन्न होते ती डिझेल ओतल्याने नव्हे, तर डिझेल जळल्याने. आणि जळण्यास हवा लागते. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम भरते. ते पूर्ण जळावयास सुमारे १२ किलो हवा हवी. प्रत्यक्षात हवा व डिझेल यांचे मिश्रण क्षणार्धात व्हावयाचे असल्याने सुमारे दीडपट हवा द्यावी लागते, तेव्हा कोठे धूर आटोक्यात राहतो. म्हणजे दहा फूट लांब, तितक्याच रुंद व तितक्याच उंच खोलीतील निम्म्याहून अधिक हवा एका लिटरपाठी खर्ची पडते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. येथील हवा किनाऱ्यावरील हवेपेक्षा मुळातच किंचित विरळ, आणि चैत्र-वैशाखात ती तापून आणखी विरळ होते. स्क्रू फिरविल्याने डिझेल वाढते, परंतु हवा वाढत नाही. चुलीत जळण कोंबले व फुंकणी मात्र तीच ठेवली तर घरात धूर होतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. गाडीमागचा काळा धूर म्हणजे पंपावर रोख पैसे मोजून घेतलेले व न जळता रस्त्यावर उधळलेले डिझेल होय.

टर्बो बसविलेल्या एंजिनात अधिक हवा कोंबली जाते, त्यामुळे थोडे अधिक डिझेल त्यात जळू शकते, हे खरे आहे. कारखानदार अशा एंजिनात काही शक्ती राखून ठेवतो, हेही खरे. परंतु ही राखीव शक्ती त्याने कंजूषपणाने ठेवलेली नसते. उन्हाळा, लांब चढ, धुळीने अर्धवट कोंदलेला फिल्टर व झिजलेली नॉझले, या साऱ्यांस पुरून उरावी म्हणून ती असते. तीच रोजच्या वापरात काढून घेणे म्हणजे बियाण्याची कणगी फोडून खाण्यासारखे आहे.

वाढीव डिझेलाची उष्णता पिस्टनवर येते. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते, आणि ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरातील वायूंची उष्णता २,००० अंशांच्या आसपास जाते. पिस्टन टिकतो तो केवळ रिंगांच्या व वंगणतेलाच्या मार्गाने उष्णता निरंतर बाहेर पडते म्हणून. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन नेते व खाली उतरून वंगणतेल पातळ करते. काजळी रिंगांच्या खाचांत बसून रिंगा जखडते. म्हणजे जी वाट उष्णता बाहेर नेते, नेमकी तीच बुजते. गाडी त्या दिवशी बंद पडत नाही. ती दोन हंगाम चालते, तेल पिऊ लागते, आणि पुढे एखाद्या दिवशी भर बाजारच्या वेळी एंजिन खोलावे लागते. तेव्हा कोणासही त्या फिरविलेल्या स्क्रूची आठवण राहिलेली नसते.

आता या वाढीव शक्तीने मिळते काय, तेही पाहू. भरलेली गाडी मालासह ३ टन आहे व पाचशे मीटरांचा घाट ती १५ मिनिटांत चढते असे समजू. तिच्यात आणखी एक टन माल घातला, तर तेवढ्याच शक्तीने तोच घाट चढावयास सुमारे २० मिनिटे लागतील. ओढ वाढविण्याचे काम गिअर करतो. अधिक शक्ती फक्त वेळ वाचविते. म्हणजे एंजिनाचे आयुष्य पणास लावून मालकाने विकत घेतली ती पाच मिनिटे. शिवाय तो वाढीव टन मुळात गाडीच्या नोंदणीपत्रात बसत नसतोच. डिझेल वाढविण्याच्या मागणीचे मूळ बहुधा एंजिनात नसून हौद्यात असते, हे गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे.

कोल्हापूरकरांच्या बाबतीत तर याहून विलक्षण गोष्ट आहे. येथील भाजीपाला आंबा घाटाने, गगनबावड्याहून करूळ घाटाने किंवा आंबोलीमार्गे कोकणात व गोव्यात जातो. म्हणजे गाडी भरलेली असते ती उतारावर, आणि चढावर पुष्कळदा ती हलकी होऊन परत येते. भरल्या गाडीस जेथे घाट लागतो तेथे शक्ती नको असते, रोध हवा असतो. चार टनांची गाडी पाचशे मीटर खाली उतरते तेव्हा जी उष्णता निर्माण होते, तीत सुमारे ६० लिटर थंड पाण्यास उकळी येईल. खालचा गिअर टाकून उतरल्यास या उष्णतेचा मोठा वाटा एंजिन आपल्या अंगावर घेते. एरवी ती सारी चार चाकांच्या ब्रेकांवर येते. कोणत्याही मिस्त्रीच्या स्क्रूने ब्रेक वाढत नाहीत. गाडी तडफदार झाली म्हणून जो चालक अधिक माल भरू लागला, त्याने घाटातील धोका स्वतःच्या हाताने वाढविला. त्या गाडीत बहुधा त्याचाच मुलगा किंवा भाऊ बसलेला असतो.

याचा अर्थ दम टाकणाऱ्या गाडीची तक्रार खोटी असे नव्हे. शक्ती खरोखरच गेलेली असते, परंतु ती वाढवावयाची नसून परत मिळवावयाची असते. प्रथम हवेचा फिल्टर पाहावा. उसाच्या व मातीच्या रस्त्यांवर तो पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या पुष्कळ आधी भरतो. नंतर डिझेलचा फिल्टर व त्यात साचलेले पाणी. पंपाचा दट्ट्या व त्याची नळी यांतील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. पाण्याचा थेंब किंवा धुळीचा कण तेथे कानशीचे काम करतो. मग नॉझले. जुन्या धाटणीच्या अनेक एंजिनांत डिझेल सुमारे २०० वातावरणांच्या दाबाने फवारले जाते, नव्या कॉमन रेल पद्धतीत १,६०० वा अधिक. नॉझल फवारण्याऐवजी ठिबकू लागले की धूर होतो व ओढ जाते, आणि तशा स्थितीत डिझेल वाढविणे म्हणजे ठिबकणे वाढविणे होय. पंपाची जुळणी बदलावयाचीच असेल तर ती कॅलिब्रेशनच्या यंत्रावर, प्रत्येक सिलिंडरास जाणारे डिझेल मापाने मोजून व कारखान्याच्या आकड्यांशी ताडून करावी. कानाने व धुराच्या रंगाने केलेली जुळणी कितीही अनुभवी हाताची असली तरी तो अंदाजच राहतो.

येथे मिस्त्रीवर सारा दोष टाकणे मात्र अन्यायाचे होईल. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्करांचा ऑईल एंजिनांचा कारखाना निघाला, आणि इकडे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील कारागिरांनीही एंजिनाच्या कामात नाव कमावले. नदीकाठचे संथ ठोके देणारे एंजिन ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त केले त्यांचे ज्ञान हलके नाही. त्या एंजिनाची परीक्षा गावकरी नळीतून निघणाऱ्या धुरावरून करीत. काळा धूर दिसला की ‘एंजिन आजारी आहे’ असे म्हणत. तोच काळा धूर आज जोराचे लक्षण मानला जावा, हे आश्चर्य आहे. मिस्त्री गिऱ्हाईक मागेल ते देतो. गिऱ्हाइकाने मागावयाचे काय, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ स्वरूपात मनमानी फेरफार करण्यास मनाई करते. धुराच्या तपासणीत भारत स्टेज ४ पूर्वीच्या डिझेल वाहनांस ६५ व भारत स्टेज ४ च्या वाहनांस ५० हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या अनेक गाड्यांत काजळी अडविणारा फिल्टर धुराच्या नळीतच असतो. अशा गाडीचे डिझेल वाढविल्यास तो कोंदतो, आणि त्याची किंमत ऐकून मालकास दुसरा दम लागतो.

ज्या मालकास आपली गाडी खरोखर मंदावली आहे असे वाटते, त्याने महिनाभर एक वही ठेवावी. डिझेल भरल्याची तारीख, लिटर, किलोमीटर व त्या खेपेचा माल एवढ्या चारच नोंदी कराव्यात. फिल्टर बदलण्यापूर्वीचे व नंतरचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून ती वही मिस्त्रीसमोर उघडावी, आणि मगच पंपाला हात लावावयाचा की नाही ते दोघांनी ठरवावे.