विरघळणारी नळी, टिकणारी साधना

बायपास शस्त्रक्रिया झालेल्या आप्ताला भेटायला आपण जातो, तेव्हा छातीवरील व्रणाची चौकशी सारेच करतात. त्याच्या पायावरील लांबलचक व्रणाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. हृदयाच्या अरुंद झालेल्या धमनीला वळसा घालण्यासाठी शल्यचिकित्सकाने तेथील शीर काढून घेतलेली असते. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे रेने फाव्हालोरो यांनी १९६७ साली ही पद्धत प्रस्थापित केली. त्यानंतर छातीतील व मनगटातील धमन्याही वापरात आल्या. परंतु शरीराच्या एका भागाकडून उसने घेऊन दुसरा भाग वाचवायचा, हे मूळ सूत्र जवळजवळ सहा दशकांनंतरही कायम आहे. ज्याच्या पायातील शिरा आधीच खराब झालेल्या आहेत, किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेत वापरून संपल्या आहेत, त्याने काय करायचे?

कृत्रिम रक्तवाहिनी बनत नाही, असे नाही. १९५०च्या दशकात ह्यूस्टनचे डॉ. मायकेल डीबेकी यांनी बाजारातून डेक्रॉनचे कापड आणून पत्नीच्या शिलाई यंत्रावर नळ्या शिवल्या. त्याच धाग्याच्या नळ्या आजही महाधमनीसारख्या मोठ्या वाहिन्यांत वर्षानुवर्षे उत्तम काम देतात. अडचण आहे ती लहान वाहिन्यांची. नळीचा व्यास सहा मिलिमीटरपेक्षा कमी झाला की प्रवाह मंदावतो, परक्या पृष्ठभागावर रक्त गोठते, सांध्यापाशी पेशींची अनावश्यक वाढ होते आणि नळी बुजते. हृदयाच्या धमन्या तर तीन-चार मिलिमीटरच्याच असतात. शिवाय डेक्रॉनची नळी वाढत नाही. जन्मतः हृदयदोष असलेल्या चार वर्षांच्या बालकाला बसवलेली नळी ते चौदा वर्षांचे झाल्यावरही तेवढीच राहते.

या पेचातून विरघळणाऱ्या नळीची कल्पना पुढे आली. घराचा स्लॅब टाकताना आपण खाली सेंटरिंग लावतो. काँक्रीटला बळ आले की ते काढून घेतात आणि छत स्वतःच्या सामर्थ्यावर उभे राहते. येथेही तसेच आहे. केसाहून कित्येक पट बारीक तंतूंची सच्छिद्र नळी बसवायची. तिच्या छिद्रांत रुग्णाच्याच पेशी शिरतील, स्वतःचे ऊतक विणतील, आणि दरम्यान मूळ नळी विरघळून नाहीशी होईल. मागे उरेल ती रुग्णाची स्वतःची, जिवंत रक्तवाहिनी. बालक वाढेल तशी तीही वाढेल, अशी यामागील अपेक्षा आहे.

कल्पना जितकी मोहक, तितकी तिची कसोटी कठीण आहे. सेंटरिंग लवकर काढले तर छत कोसळते, हे गवंड्याला सांगावे लागत नाही. पॉलिग्लायकोलिक आम्लाचा धागा काही आठवड्यांतच बळ गमावतो. पॉलिलॅक्टिक आम्ल आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन यांना विरघळण्यास दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ लागतो. नळी लवकर विरघळली तर रक्तदाबाने फुगते, फुटते. रेंगाळली तर शरीर तिला शत्रू मानून दाह धरते आणि वाहिनी अरुंद होते. विरघळण्याची गती आणि घडण्याची गती यांचा मेळ घालणे, हीच या शास्त्राची खरी साधना आहे.

ही साधना किती दीर्घ असते, हे जगाच्या अनुभवातून दिसते. टोकियोचे डॉ. शिनओका यांनी १९९९ साली एका चार वर्षांच्या बालिकेच्या फुप्फुस-धमनीसाठी तिच्याच पेशी रुजवलेली अशी नळी बसवली. पुढे आणखी बालकांवर उपचार झाले. नळीमुळे कोणी दगावले नाही, पण काही मुलांमध्ये ती अरुंद झाली. अमेरिकेत याच पद्धतीची चाचणी सुरू झाली, तेव्हा आरंभीच्याच रुग्णांत हा दोष दिसल्याने ती थांबवावी लागली. संशोधक खचले नाहीत. त्यांनी गणिती प्रारूपे मांडली, मेंढ्यांवर प्रयोग केले आणि २०२० साली दाखवून दिले की, आरंभीचा हा संकोच पुष्कळदा कालांतराने आपोआप सैल पडतो. एका बालिकेपासून या निष्कर्षापर्यंत येण्यास दोन दशके लागली.

दुसरे उदाहरण लॉरा निकलसन यांचे. विरघळणाऱ्या जाळीवर प्रयोगशाळेत डुकराच्या धमन्या वाढवल्याचे त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केले. त्याच मार्गाने, मानवी पेशी वापरून घडवलेल्या आणि नंतर पेशीरहित केलेल्या रक्तवाहिनीला अमेरिकेच्या औषध नियामकाने मान्यता दिली ती डिसेंबर २०२४ मध्ये. तीही केवळ प्रौढांच्या हातापायांच्या धमन्यांना झालेल्या इजेपुरती, आणि नळी फुटण्याच्या धोक्याची ठळक सूचना देऊन. म्हणजे पंचवीस वर्षे!

घाईचे फळ काय, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. धमनीत विरघळून जाणारा ‘अ‍ॅब्सॉर्ब’ हा स्टेंट मोठ्या गाजावाजाने बाजारात आला. २०१६ साली त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली आणि २०१७ मध्येच त्याची विक्री बंद झाली. कारण धातूच्या स्टेंटपेक्षा त्यात गुठळ्या होण्याचे प्रमाण अधिक आढळले. ‘विरघळणारे’ म्हणजे आपोआप ‘निर्धोक’ नव्हे, हा धडा त्या प्रकरणाने दिला.

आता प्रश्न आपला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. मधुमेह लहान वाहिन्यांवर घाला घालतो. पाय कापावा लागतो, मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसची वेळ येते आणि त्यासाठीही सुस्थितीतील रक्तवाहिनीच लागते. असे रुग्ण आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. हा प्रश्न आपल्या घरचा आहे, मग त्याचे उत्तर नेहमी परदेशातून, परदेशी दराने येण्याची वाट आपण का पाहावी?

उत्तर शोधण्याची कुवत आपल्याकडे नाही, असे म्हणण्याचे कारण नाही. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाळ संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली कृत्रिम हृदयझडप घडली, तो इतिहास प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा असा आहे. पहिले तीन नमुने अयशस्वी ठरले. झीज, तुटफूट, प्राण्यांवरील चाचणीतील अपयश, सारे सोसून चौथा नमुना उभा राहिला आणि ६ डिसेंबर १९९० रोजी तो पहिल्या रुग्णाच्या हृदयात बसला. परदेशी झडपेच्या तुलनेत अत्यल्प किमतीत ती सामान्य रुग्णापर्यंत पोहोचली. तिसऱ्या अपयशानंतर निधी थांबला असता, तर चौथा नमुना जन्मालाच आला नसता.

तेच डॉ. वलियाथन पुढे चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या अभ्यासाकडे वळले, हेही लक्षणीय आहे. फाटलेले आतडे सांधण्यासाठी मोठ्या मुंग्यांकडून कडा चावून धरवाव्यात आणि त्यांची डोकी तशीच आत ठेवावीत, असे सुश्रुतसंहिता सांगते. टाका आत राहावा व शरीराने त्याची विल्हेवाट लावावी, हा विचार त्यामागे दिसतो. याचा सार्थ अभिमान जरूर बाळगावा. पण सुश्रुतांनी सर्व शोध लावून ठेवले आहेत, असे म्हणून स्वस्थ बसणे हा त्यांचा गौरव नव्हे. शवविच्छेदनाचा आणि फळे, कातडी, मृत प्राण्यांच्या शिरा यांवर हात बसवण्याचा आग्रह धरणारा तो आचार्य होता. त्याचा वारसा सभागृहातील टाळ्यांत नसून प्रयोगशाळेतील कष्टांत आहे.

साधनांची आरंभीची जुळवाजुळवही होत आहे. गुवाहाटीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तुती व बिगर-तुती रेशमापासून लहान व्यासाच्या वाहिन्या घडवण्याचे प्रयोग झाले आहेत. पुण्याजवळ जेजुरी येथे २०२४ साली पॉलिलॅक्टिक आम्लाचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. तेथील माल प्लॅस्टिकला पर्याय म्हणून आहे. शरीरात बसवण्याजोगी शुद्धता ही फार पुढची पायरी. पण उसाच्या साखरेतूनही मिळू शकणारा हा पदार्थ महाराष्ट्राला परका नाही. औषध व वैद्यकीय उपकरणांतील संशोधनासाठी केंद्राने २०२३ साली पाच हजार कोटी रुपयांची योजना आखली, हेही स्वागतार्ह आहे.

उणीव आहे ती सलगतेची. तीन वर्षांचा प्रकल्प, त्यातून एखादा निबंध, विद्यार्थ्याची पदवी आणि पुन्हा नवा विषय, या चाकोरीत रक्तवाहिनी घडत नाही. रसायनशास्त्रज्ञ, वस्त्रतज्ज्ञ, पशुवैद्य आणि शल्यचिकित्सक यांना एका छताखाली किमान पंधरा वर्षे काम करता येईल, अशी व्यवस्था हवी. मोठ्या प्राण्यांवरील दीर्घ चाचण्यांची सोय हवी. अपयशी नमुन्याचा प्रामाणिक अहवाल देणाऱ्याला शिक्षा नव्हे, तर पुढचा हप्ता मिळायला हवा. आणि मानवी चाचण्यांत घाई नको. गरीब रुग्ण हा स्वस्त प्रयोगाचे साधन कदापि होता कामा नये.

समाजाचेही यात कर्तव्य आहे. ‘भारतीय शास्त्रज्ञांची कमाल’ असा मथळा वाचून आपण हरखतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. बुद्धिमान मुलाने परदेशी जावे किंवा संगणकात शिरावे, असा आग्रह आपल्याच घरांतून धरला जातो. पंधरा वर्षे एका नळीमागे घालवू इच्छिणाऱ्या मुलीच्या पाठीवर हात ठेवणारे पालक किती?

सेंटरिंगचे भाग्य असे की, काम झाल्यावर ते कोणाच्या ध्यानात राहत नाही. छत तेवढे उरते. विरघळणाऱ्या नळीचेही तसेच, आणि ती घडवणाऱ्यांचेही बहुधा तसेच असते. अशा निरलस माणसांच्या पाठीशी, त्यांचे काम दिसत नसतानाच्या वर्षांत, उभे राहण्याची चिकाटी आपण दाखवणार आहोत काय?